आधी उडी, मग धीर

हट्ट्याच्या शिवारात उन्हाळ्याच्या सुट्टीत एखाद्या पाणी टिकलेल्या विहिरीवर भर दुपारी जाऊन बसावं. वसमत तालुक्यातलं हे गाव, सगळा पट्टा हळदीचा. तोवर हळद निघालेली, शिजलेली, वाळलेली असते, शाळा बंद असते आणि विहिरीवर पोरांचा नुसता गलका चाललेला असतो. त्यात एखादं आठ-नऊ वर्षांचं पोरगं पाठीला रिकामा डबा बांधून काठावर उभं असतं. खाली पाण्यात मामा हात पसरून तरंगत असतो. ‘मार उडी! मी हाय ना इथं!’ पोरगं एक पाऊल पुढं टाकतं आणि दोन मागं येतं. ‘मामा, भ्याव वाटतंय.’

या पोराला माहिती कशाचीच कमी नाही. डबा बुडू देत नाही, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलंय. मामा पट्टीचा पोहणारा आहे, हे त्याला ठाऊक आहे. कालच त्याच्या बरोबरीचा एक जण इथूनच उडी मारून हसत वर आलाय. सगळं पटतं, तरी पाय जागचा हलत नाही. मग कधीतरी, समजावण्याला कंटाळून म्हणा किंवा पोरांच्या ओरड्यानं म्हणा, तो डोळे मिटतो आणि स्वतःला सोडून देतो. धप्पकन आवाज होतो, नाकातोंडात पाणी जातं, खोकल्याची उबळ येते, मामाच्या गळ्याला मिठी बसते.

बघण्यासारखं आहे ते यानंतरचं. तेच पोरगं निथळत पायऱ्या चढून वर येतं आणि कुणी काही न सांगता पुन्हा काठाकडं पळतं. विहीर तीच, पाणी तेवढंच खोल, डबा तोच, मामा तोच. पाच मिनिटांपूर्वी ज्याचे गुडघे लटपटत होते, तो आता ‘सरका, सरका’ म्हणत धावत येतोय. त्याला पोहायला अजून येत नाही. दोन उड्यांच्या मध्ये त्यानं नवीन काही ऐकलं नाही की वाचलं नाही. मग त्याच्या आत बदललं तरी काय?

हा प्रश्न साधा दिसतो, पण त्याचा पाठपुरावा करत गेलं की माणसाच्या मेंदूतल्या एका फार सुंदर गोष्टीपाशी आपण पोचतो. आपण एरवी धरून चालतो की आत्मविश्वास आधी हवा आणि कृती नंतर. ‘जरा धीर येऊ दे, मग ग्रामसभेत बोलेन.’ ‘इंग्रजी पक्कं झालं की मुलाखतीला जाईन.’ ‘भीती गेली की स्कूटी चालवीन.’ गेल्या साठ वर्षांतलं संशोधन सांगतं की ही वाट बहुतेक वेळा उलट्या दिशेनं जाते. धीर येतो तो केल्यानंतर, केल्यामुळं.

यातलं सगळ्यात मोठं नाव अल्बर्ट बांडुरा. १९२५ साली कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात मंडेर नावाच्या जेमतेम चारशे वस्तीच्या गावात ते जन्मले. गावात शाळा एकच आणि वरच्या वर्गांना शिक्षक दोनच. बरंचसं शिक्षण मुलांना आपलं आपणच करून घ्यावं लागे. हट्ट्यासारख्या गावातल्या वाचकाला हे चित्र परकं वाटू नये. पुढं बांडुरा अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात प्राध्यापक झाले, आणि १९६९ साली त्यांनी एडवर्ड ब्लॅन्चर्ड आणि ब्रुनहिल्डे रिटर या सहकाऱ्यांबरोबर एक प्रयोग प्रसिद्ध केला. विषय होता सापाची भीती.

आपल्याकडं सापाला भिणं शहाणपणाचंच आहे. हळदीच्या सरीत घोणस निघते तिथं निर्धास्त राहून चालत नाही. पण या प्रयोगातल्या माणसांची भीती निराळी होती. सापाच्या धास्तीनं कुणी बागेत पाऊल टाकत नव्हतं, कुणी सहलीला जात नव्हतं. संशोधकांनी त्यांचे गट पाडले. एका गटानं बिनविषारी सापाशी खेळणाऱ्या माणसांचा चित्रपट पाहिला आणि सोबत अंग सैल सोडायचा सराव केला. दुसऱ्यानं शांत पडून सापाच्या प्रसंगांची पायरीपायरीनं कल्पना केली. तिसऱ्या गटाला मात्र प्रत्यक्ष सापापाशी नेलं. आधी दुसऱ्यानं साप हाताळलेला पाहायचा. मग हातमोजा घालून, शेजारच्यानं सापाचं डोकं-शेपूट धरलेलं असताना, मधेच थोडंसं बोट लावायचं. मग मोजा काढून. मग आपल्या हातात धरायचा. शेवटची परीक्षा अशी की साप मांडीवर सोडायचा आणि आपले हात बाजूला ठेवून स्वस्थ बसायचं.

चित्रपटाचा आणि कल्पनेचा उपयोग झाला, पण बेताचा. प्रत्यक्ष हात लावणाऱ्यांच्या गटात ९२ टक्के लोकांची भीती जवळजवळ नाहीशी झाली. बाकीच्या गटांत ज्यांची भीती शिल्लक होती, त्यांनाही नंतर याच वाटेनं नेलं आणि तीही मंडळी सुटली. वर्षानुवर्षं उराशी बसलेली भीती काही तासांत गेली!

बांडुरांना खरा धक्का बसला तो नंतर, या लोकांशी पुन्हा बोलताना. ते सांगू लागले की सापाचं तर झालंच, पण आम्ही आता इतर गोष्टींनाही हात घालतोय. आजवर जे आपल्याच्यानं होणार नाही असं वाटायचं, ते करून बघतोय. सापाला धरलं म्हणून माणूस चारचौघांत बोलायला कसा लागतो? या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध? या कोड्यानं बांडुरांच्या संशोधनाची दिशाच बदलली. १९७७ साली त्यांनी जो निबंध लिहिला, त्यात ‘हे मला जमेल’ या भावनेला एक स्वतंत्र जागा मिळाली आणि ती कुठून येते याचे चार झरे त्यांनी दाखवले: स्वतः केलेली गोष्ट, आपल्यासारख्या दुसऱ्यानं केलेली पाहिलेली गोष्ट, कुणीतरी ‘तुला जमेल’ असं सांगणं, आणि छातीची धडधड, तळहाताचा घाम अशा शरीराच्या खुणांचा आपण लावलेला अर्थ. यांतला पहिला झरा सगळ्यात जोरकस. सांगण्याचा प्रभाव त्या मानानं पातळ आणि लवकर ओसरणारा, कारण पहिल्याच अपयशाला तो खोटा ठरतो.

मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण आपल्या गावोगावच्या शाळा-कॉलेजांत आत्मविश्वास देण्याचं काम बहुतांशी भाषणांवर सोपवलेलं असतं. पाहुणे येतात, तळमळीनं बोलतात, पोरं भारावून टाळ्या वाजवतात, आणि आठ दिवसांत सगळं होतं तिथं येऊन थांबतं. यात पोरांचा दोष नाही आणि पाहुण्यांचाही नाही. २००३ साली रॉय बॉमाइस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वाभिमान आणि यश यांवरचं ढीगभर संशोधन एकत्र तपासलं. स्वतःविषयी चांगलं वाटणारी मुलं अभ्यासात थोडी बरी असतात, हे खरं निघालं. पण ते चांगलं वाटणं बऱ्याच अंशी आधी मिळालेल्या यशामुळं आलेलं होतं. नुसतं चांगलं वाटवून मार्क वाढल्याचा पुरावा मिळाला नाही.

आता मेंदूत शिरू. इथं गोष्ट आणखी विलक्षण होते.

१९६७ साली अमेरिकेतल्या पेन्सिल्वेनिया विद्यापीठात मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर हे दोन तरुण संशोधक कुत्र्यांवर प्रयोग करत होते. ते प्रयोग वाचताना आजही पोटात तुटतं. काही कुत्र्यांना विजेचे झटके बसत, पण डोक्यानं एक फळी दाबली की झटका थांबे. दुसऱ्या काही कुत्र्यांना तेवढेच आणि तितकाच वेळ झटके बसत, पण त्यांनी काहीही केलं तरी फरक पडत नसे. दुखणं दोघांचं सारखंच. एकाच्या हाती काहीतरी होतं, दुसऱ्याच्या हाती काहीच नव्हतं. मग दोघांनाही अशा पेटीत सोडलं, जिथं मधला बुटका आडोसा ओलांडला की सुटका. पहिल्या गटातली कुत्री पटकन ओलांडून जायला शिकली. दुसऱ्या गटातली बहुतेक तिथंच बसून राहिली. वाट उघडी असताना कण्हत झटके सोसत राहिली. संशोधकांनी याला शिकलेली हतबलता असं नाव दिलं, आणि ती कल्पना जगभर गाजली. नापास होत गेलेला विद्यार्थी, मार खात राहिलेली बाई, कर्जात रुतलेला शेतकरी प्रयत्न का सोडतात, हे समजून घ्यायला तिचा आधार घेतला गेला.

त्यापुढचा प्रयोग त्या मानानं कमी लोकांना माहीत आहे. १९६८ साली सेलिगमन, मायर आणि जेम्स गीर यांनी या बसून राहिलेल्या कुत्र्यांना बाहेर काढायचा प्रयत्न केला. पलीकडून हाका मारल्या, काही उपयोग झाला नाही. पलीकडं खायला टाकलं, तरी कुत्रं हललं नाही. मधला आडोसा काढून टाकला, तरीही नाही. शेवटी गळ्यात दोरी बांधून त्यांना अक्षरशः ओढत पलीकडं नेलं. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. सुरुवातीला पुरा जोर लावावा लागे. मग हळूहळू दोरीला ताण कमी लागू लागला आणि एका वेळी कुत्रं आपलं आपण चालू लागलं. त्यानंतर ते थांबलं नाही. जे हाकेनं झालं नाही, घासानं झालं नाही, ते स्वतःचे पाय पलीकडं पडल्यावर झालं.

आणि मग २०१६ साल. पहिल्या प्रयोगाला पन्नास वर्षं होत आली असताना मायर आणि सेलिगमन यांनी मिळून एक लेख लिहिला, आणि त्यात आपलाच जगप्रसिद्ध सिद्धांत उलटा करून मांडला. मधल्या काळात मायर मेंदूविज्ञानाकडं वळले होते आणि उंदरांच्या मेंदूत नेमकं काय घडतं ते शोधत होते. त्यांना दिसलं ते असं. दीर्घकाळ त्रास चालू राहिला की मेंदूच्या देठातला पेशींचा एक लहानसा पुंजका जागा होतो आणि शरीराला गप्प पडून राहायला लावतो. हे शिकावं लागत नाही. ही प्राण्याची उपजत वागणूक आहे. शिकावी लागते ती दुसरीच गोष्ट: ‘मी काही केलं की फरक पडतो.’ समोरचं चाक पंज्यानं फिरवून झटका थांबवता येणाऱ्या उंदराच्या मेंदूत कपाळामागचा एक भाग ही गोष्ट टिपतो आणि देठातल्या त्या पुंजक्याला आवर घालतो.

म्हणजे पन्नास वर्षं आपण विचारत होतो की माणूस हतबल व्हायला शिकतो तरी कसा. विचारायला हवं होतं की तो हतबल न व्हायला शिकतो कसा. हा उलटा झालेला प्रश्न मी पहिल्यांदा वाचला तेव्हा कितीतरी वेळ त्याच पानावर थांबलो. ज्याला आपण न्यूनगंड म्हणतो, भित्रेपणा म्हणतो, आळस म्हणून हिणवतो, तो पुष्कळदा स्वभावातली खोट नसतोच. मेंदू ज्या मुक्कामापासून सुरुवात करतो, तोच हा मुक्काम असतो. तिथून निघायची वाट आपल्या कृतीचा परिणाम आपल्याच डोळ्यांनी दिसण्यातून जाते.

यात आणखी एक नवल आहे. एकदा चाक फिरवून सुटका करून घेतलेल्या उंदराला पुढं कधी अशा जागी ठेवलं, जिथं खरोखरच हातात काही नाही, तरी तो पहिल्यासारखा कोसळत नाही. आधी मिळालेला तो अनुभव त्याला राखतो. बांडुरांच्या त्या सापवाल्या माणसांचं कोडं आठवा. एका ठिकाणी मिळवलेला ताबा दुसऱ्या ठिकाणी उपयोगी पडतो, हे त्यांनी माणसांच्या तोंडून ऐकलं होतं. मायर यांना त्याची खूण मेंदूच्या पेशींत सापडली.

आता आपल्या मातीतली गोष्ट. सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यात म्हसवड हे दुष्काळी गाव आहे. मुंबईत वाढलेल्या चेतना सिन्हा लग्नानंतर तिथं राहायला आल्या. एक दिवस त्यांच्याकडं कांताबाई आल्या. रस्त्याकडेला लोहारकाम करून पोट भरणारी बाई. पावसाळ्यात लेकराबाळांवर छप्पर म्हणून प्लास्टिकचा कागद घ्यायचा होता, त्यासाठी रोजचे चार पैसे बाजूला टाकायचे होते, पण एवढ्या थोड्या पैशासाठी कुणी खातं उघडायला तयार नव्हतं. चेतनाताईंनी ठरवलं की बायकांचीच बँक काढू. रिझर्व्ह बँकेकडं अर्ज गेला आणि तो नामंजूर होऊन आला, कारण संस्थापक सभासदांत ज्यांना लिहिता-वाचता येत नाही अशा बायका होत्या.

चेतनाताई रडवेल्या होऊन गावी परतल्या. त्यांनी अनेकदा सांगितलंय की धीर त्यांचा खचला होता, बायकांचा नाही. बायका म्हणाल्या, अक्षरं येत नाहीत ना, मग शिकू. दिवसभर राबून रात्री वर्ग सुरू झाले. पाच महिन्यांनी त्यातल्या काही जणींना घेऊन त्या पुन्हा रिझर्व्ह बँकेत गेल्या. तिथं एक बाई अधिकाऱ्यांपुढं उभी राहिली. तिच्या बोलण्याचा आशय असा: आम्ही लहान असताना गावात शाळाच नव्हती, म्हणून आम्हाला लिहिता येत नाही, पण हिशेब येतो. तुम्ही कुठलीही रक्कम सांगा, आम्ही व्याज तोंडी काढून दाखवतो. तुमच्या माणसांनाही यंत्राशिवाय काढायला सांगा आणि बघा आधी कुणाचं होतं. परवाना मिळाला. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली.

या प्रसंगाकडं जरा बारकाईनं पाहावं. त्या बाईला मुंबईतल्या त्या कचेरीत बोलायचा धीर कुठून आला? कुणी तिला ‘तू करू शकतेस’ असं सांगितलं म्हणून नव्हे. बाजारात, उधारीत, दुधाच्या मापात तिनं आयुष्यभर हजारो हिशेब तोंडी केले होते आणि ते बरोबर आले होते. वर पाच महिने पाटीवर अक्षरं गिरवून, आपल्याला नवीनही काही शिकता येतं, हे तिनं स्वतःलाच दाखवलं होतं. त्या दिवशी ती बोलली, ती आपल्या हातानं केलेल्या कामाच्या भरवशावर.

मराठवाड्यातही असंच काहीसं घडलं, फार दुःखाच्या पोटी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. पुढं लातूर-उस्मानाबादच्या गावांत घरांच्या दुरुस्ती-मजबुतीकरणाचं काम निघालं तेव्हा प्रेमा गोपालन यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकारानं गावागावांतल्या बायका संवाद सहायक झाल्या. भूकंपात टिकणारं बांधकाम कसं असतं ते शिकल्या, अनुदानाचा हप्ता कशासाठी आहे ते शेजाऱ्यांना समजावू लागल्या, इंजिनिअरला प्रश्न विचारू लागल्या. ज्या घरांत बाई ओसरीवर आली तरी पदर सावरून उभी राहायची, तिथल्या बाया भिंतीचा कोपरा नीट बांधला गेलाय का ते बघत फिरल्या. त्यातूनच पुढं अनेक गावांत बचत गट आणि पुढारपण उभं राहिलं.

‘आधी कृती, मग भावना’ हे सूत्र फार कसोशीनं तपासलं गेलं ते गोव्यात. डॉ. विक्रम पटेल आणि ‘संगाथ’ या संस्थेतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या तीव्र नैराश्याच्या रुग्णांसाठी एक साधा उपचार तयार केला. नैराश्य आणि आत्मविश्वासाची उणीव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नैराश्य हा आजार आहे. पण दोन्हींत माणूस ‘बरं वाटलं की करीन’ म्हणत थांबून राहतो, हे साम्य आहे. या उपचारात समुपदेशक म्हणून मानसोपचाराचं कोणतंही पूर्वशिक्षण नसलेली स्थानिक माणसं तयार केली होती. रुग्णाशी सहा ते आठ बैठका होत. पूर्वी काय करायला आवडायचं, आता काय सुटलंय, या आठवड्यात त्यातलं अगदी थोडं काय करता येईल, हे ठरायचं. शेजारणीकडं जाऊन बसणं, समुद्राकडं एक चक्कर, रखडलेलं एखादं काम. मन लागण्याची वाट पाहायची नाही, ठरलेल्या वेळी करायचं. २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. तीन महिन्यांनी या उपचारातले ६४ टक्के रुग्ण आजारातून बाहेर आले होते. नेहमीच्या पद्धतीनं उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं. एवढा फरक, आणि त्याच्या मुळाशी आहे दिवसातून थोडंसं काहीतरी करणं!

मन शरीराच्या मागून का चालत असावं? डॅरिल बेम या मानसशास्त्रज्ञाची मांडणी मला इथं पटते. त्यांचं म्हणणं असं की आपण कसे आहोत हे आपल्यालाही आतून नेहमी स्पष्ट कळत नाही. शेजारी जसा आपलं वागणं बघून आपल्याविषयी मत बनवतो, तसेच आपणही आपलं वागणं बघूनच स्वतःविषयी मत बनवतो. आपल्या आत जणू एक पंच बसलेला असतो, आणि तो फक्त मैदानावर घडलेलंच धरतो. मनातले बेत त्याच्या वहीत चढत नाहीत. त्याला उडी दिसावी लागते.

म्हणूनच कृती केवढी असावी, याला फार महत्त्व आहे. १९८१ साली बांडुरा आणि डेल शंक यांनी गणिताचा कंटाळा असलेली, वजाबाकी न जमणारी मुलं घेतली. सगळ्यांना वजाबाकीचं तेच ४२ पानी साहित्य दिलं, सात बैठकांत करायचं. काहींना सांगितलं, शेवटपर्यंत ४२ पानं पुरी करा. काहींना सांगितलं, रोज निदान सहा पानं करा. हिशेब एकच; सात सक बेचाळीस. पण रोज सहा पानांचं लक्ष्य असलेली मुलं वजाबाकीत सरस ठरली, ‘मला जमतं’ ही त्यांची भावना जास्त वाढली आणि त्यांना गणित आवडूही लागलं. ४२ पानांकडं बघणाऱ्याला सहा पानं झाली तरी ३६ उरलेली दिसतात. रोज सहावाल्याला रोज संध्याकाळी काहीतरी पुरं झाल्याचं दिसतं.

इथं विहिरीवरच्या त्या डब्याकडंही पुन्हा पाहायला हवं, कारण त्यात एक मोठी खुबी आहे. डबा नसेल तर पहिली उडीच होत नाही. पण डबा सुटला नाही तर पोहणंही येत नाही. वर्षभर डब्यावर तरंगणाऱ्या पोराला विचारा, तर तो म्हणेल, डबा आहे म्हणून तरंगतो. सगळं श्रेय डब्याला. भीतीवर काम करणारे मानसोपचारतज्ज्ञ अशा आधारांवर बारीक नजर ठेवतात. सभेत बोलताना सगळं भाषण कागदावरून वाचणं, बँकेत प्रत्येक वेळी भाच्याला सोबत नेणं, फोनवर बोलायची वेळ आली की दुसऱ्याच्या हातात फोन देणं. सुरुवातीला हे आधार चालतात, लागतातही. पण मेंदूला ‘हे मीच केलं’ असा निकाल द्यायचा असेल तर आधार एकेक करून काढावा लागतो. बांडुरांच्या प्रयोगातही शेवटी मदतनीस बाजूला होई आणि माणूस एकटा सापापाशी राही. चांगला मामा डबा कधी सोडायचा ते ओळखतो. त्या दिवशी तो पोरापासून हातभर अंतरावर तसाच तरंगत असतो, फक्त हात पुढं करत नाही.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पाय रोवायच्या आत आलेलं अपयश फार खोल जातं, हे बांडुरांनीही बजावून ठेवलंय. पोराला न विचारता विहिरीत ढकललं आणि ते गटांगळ्या खात वर आलं, तर पुढं दहा वर्षं ते पाण्याकडं फिरकत नाही. पहिल्यांदाच कचेरीत गेलेल्या बाईवर खिडकीतून कुणी खेकसलं, तर ती घरी येऊन म्हणते, ‘आपलं काम नाही ते.’ त्यात तिचं काय चुकलं? कृती करा, असं माणसाला सांगण्याइतकीच ती कृती यशस्वी व्हावी अशी जागा ठेवणं गरजेचं आहे. आणि ते काम आजूबाजूच्या आपल्या सगळ्यांचं आहे: वर्गात हात वर केलेल्या पोराचं उत्तर चुकलं तर हसायचं की नाही, ग्रामसभेत पहिल्यांदा तोंड उघडलेल्या बाईला मध्येच तोडायचं की नाही.

माझ्या ओळखीतल्या एका वहिनींचं उदाहरण सांगतो. हळद त्यांच्याच हाताखालून निघते. बेणं निवडणं, काढणी, कांडी आणि गट्टू वेगळं करणं, सगळं त्यांचं. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्या हळदीत अशा असंख्य बायकांचे हात आहेत. पण माल बाजारात गेला की बोली आणि हिशेब पुरुषांकडं. एका हंगामात घरातला कर्ता माणूस आजारी पडला आणि वहिनींना मालाच्या गाडीसोबत जावं लागलं. पहिल्या खेपेला त्या ढिगापासून लांब उभ्या राहिल्या, भाव काय निघाला तेवढं ऐकून आल्या. दुसऱ्या खेपेला ढिगाशेजारी उभ्या राहिल्या. आडत्यानं कांडी मोडून बघितली तेव्हा त्यांनीही शेजारच्या ढिगातली एक कांडी उचलून मोडली, आतला रंग बघितला आणि म्हणाल्या, ‘दादा, ह्याच्यापेक्षा आमची पिवळी हाय. मग भाव कमी कशाचा?’ हा प्रश्न विचारायला लागणारं ज्ञान त्यांच्याकडं वीस वर्षं होतंच. नव्हतं ते ढिगाशेजारी उभं राहणं. आता घरातलं माणूस बरं झालंय, पण बाजाराला वहिनीच जातात, आणि मागच्या वर्षी त्यांनी बचत गटाचं अध्यक्षपणही घेतलं.

त्यांच्याबरोबर आता त्यांची दहावीतली पुतणी कधीमधी जाते. ही गोष्ट मला वहिनींच्या हळदीच्या भावापेक्षाही मोलाची वाटते, कारण बांडुरांचा दुसरा झरा इथून वाहतो. आपल्यासारखीच कुणी करताना पाहिली की ‘मलाही जमेल’ याची पहिली चाहूल लागते. याचा फार मोठा पुरावा पश्चिम बंगालमधून आला. तिथं काही ग्रामपंचायतींचं प्रधानपद चिठ्ठी टाकल्यासारखं, कोणताही निकष न लावता, स्त्रियांसाठी राखीव होत गेलं. लोरी बीमन, एस्थर दुफ्लो, रोहिणी पांडे आणि पेटिया टोपालोव्हा या चौघींनी बीरभूम जिल्ह्यातली ४९५ गावं तपासली आणि २०१२ साली ‘सायन्स’मध्ये निष्कर्ष मांडले. जिथं लागोपाठ दोन वेळा बाई प्रधान झाली, तिथं किशोरवयीन मुलं आणि मुली यांच्या आकांक्षांमधलं अंतर ३२ टक्क्यांनी घटलं. शिक्षणातलं अंतर तर पुसलंच गेलं, आणि मुलींचा घरकामात जाणारा वेळ कमी झाला. त्या मुलींसाठी नोकऱ्या वाढल्या होत्या असं दिसलं नाही. त्यांनी आपल्या गावात एक बाई खुर्चीवर बसून काम करताना पाहिली होती.

महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांतल्या निम्म्या जागा २०११ पासून स्त्रियांसाठी राखीव आहेत. त्यानंतर जन्मलेल्या मुली आज वसमत, औंढा, हट्टा इथल्या शाळांत आठवी-नववीत बसल्या आहेत. बाई सरपंच असते, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज पडलेली नाही. त्यांना कळू लागल्यापासून त्या ते बघतच आल्या आहेत. आता शाळेच्या स्नेहसंमेलनात सूत्रसंचालन, किशोरी मेळाव्यात दोन मिनिटं बोलणं, बँकेत स्वतःची स्लिप स्वतः भरणं, आईसोबत मोंढ्यात जाऊन हळदीचा भाव विचारणं, एवढं त्यांच्या वाट्याला यायला हवं, आणि ते देणं मोठ्यांच्या हातात आहे.